हसवणाऱ्याचा सूर : तमिळ संगीतकार आणि विनोदी नटांविषयी वाचकांचे प्रश्न

या महिन्याच्या सदरात तमिळ सिनेमातले विनोदी नट आणि त्यांच्या वाट्याला पुन्हा पुन्हा आलेले संगीतकार. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. तमिळ नावं शक्यतो उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत; चित्रपटाच्या नावापुढचा आकडा प्रदर्शनाच्या वर्षाचा आहे.

प्रश्न : नागेशचे जुने चित्रपट पाहताना संगीतकार म्हणून कधी विश्वनाथन–राममूर्ती, कधी व्ही. कुमार, कधी के. व्ही. महादेवन अशी नावं दिसतात. नागेशचा ‘आपला’ संगीतकार नेमका कोण? (डोंबिवली)

उत्तर : एकच नाव सांगितलं तर ते चुकीचं ठरेल. तमिळ सिनेमात नट आणि संगीतकार सहसा एकमेकांना निवडत नसत. दोघांना एकत्र आणणारा तिसराच कुणी असे : दिग्दर्शक, निर्माता किंवा स्टुडिओ. नागेशच्या चित्रपटांची यादी कराल तेव्हा नट आणि संगीतकार यांच्या मधे दिग्दर्शकाचा रकाना घाला. गुंता लगेच सुटतो.

के. बालचंदर नाटकातून आले आणि त्यांच्या नाटकांना संगीत देणारे व्ही. कुमार त्यांच्याबरोबर सिनेमात आले. ‘नीर्क्कुमिळि’ (1965) हा बालचंदर यांचा दिग्दर्शक म्हणून पहिला चित्रपट, कुमार यांचाही संगीतकार म्हणून पहिला, आणि मुख्य भूमिकेत नागेश. त्याच वर्षी ‘नाणल’, पुढे ‘मेजर चंद्रकांत’ (1966) आणि ‘एदिर नीच्चल’ (1968). चारही चित्रपटांत हे तिघं एकत्र आहेत. म्हणजे ‘नागेश–कुमार’ म्हणून जी जोडी लक्षात राहते ती खरं तर बालचंदर यांच्या घरातली. के. व्ही. महादेवन यांचंही तसंच. ‘तिरुविळैयाडल’ (1965) मधला गरीब कवी दरुमी आणि ‘तिल्लाना मोहनांबाळ’ (1968) मधला लावालावी करणारा वैत्ति, नागेशच्या या दोन्ही भूमिका ए. पी. नागराजन यांच्या चित्रपटांतल्या, आणि नागराजन यांच्याकडे संगीत म्हटलं की महादेवन.

विश्वनाथन–राममूर्ती या जोडीबरोबरचं 1964 हे वर्ष मात्र वेगळं काढून पाहण्यासारखं आहे. दिग्दर्शक श्रीधर यांच्या ‘कादलिक्क नेरमिल्लै’मध्ये नागेश चेल्लप्पा आहे, सिनेमा काढायचं वेड घेतलेला मुलगा. तो टी. एस. बालैया यांना आपल्या भयपटाची गोष्ट सांगतो तो प्रसंग एकदा डोळे मिटून ऐका. दाराची करकर, पावलं, अंधारातले आवाज, सगळं नागेश स्वतःच्या तोंडानं करतो. पार्श्वसंगीताचं काम नटानंच अंगावर घेतलंय, आणि संगीतकारांनी त्याला पूर्ण रान मोकळं दिलंय. इथे व्हायोलिनचा एक जादा फराटा आला असता तरी बालैयांच्या चेहऱ्यावरची भीती फुकट गेली असती.

त्याच वर्षीच्या ‘सर्वर सुंदरम्’मध्ये याच्या अगदी उलट. वालींनी लिहिलेलं ‘अवळुक्केन्न अळगिय मुगम्’ हे गाणं ध्वनिमुद्रणाच्या खोलीतच सुरू होतं. एम. एस. विश्वनाथन स्वतः हात उडवत वाद्यवृंद चालवताना दिसतात, माइकसमोर टी. एम. सौंदरराजन आहेत, आणि मग तेच गाणं चित्रीकरणाच्या सेटवर नागेशच्या पायांत उतरतं. गाणं कसं तयार होतं हे गाण्यातच दाखवलंय. सौंदरराजन यांच्या आवाजाकडेही लक्ष द्या. एमजीआर आणि शिवाजी गणेशन या दोघांसाठी भारदस्त गाणारा हा गळा इथे ओळीचं टोक पटकन सोडतो, स्वर लांबवत बसत नाही. नागेशच्या काटकुळ्या, चपळ अंगाला लांबवलेला स्वर शोभला नसता.

1965 मध्ये विश्वनाथन–राममूर्ती ही जोडी फुटली. त्यानंतर विश्वनाथन एकट्यानं नागेशसाठी काम करत राहिले. त्यातलं एक गाणं तुम्ही हिंदीत ऐकलेलं असणार. त्याचं उत्तर पुढे येतं.

प्रश्न : एन. एस. कृष्णन् हे नट होते की गायक? त्यांचं कीर्तन सिनेमात आहे असं ऐकलं. तमिळ सिनेमात कीर्तन कुठून आलं? (मिरज)

उत्तर : दोन्ही होते, आणि चित्रपटही दिग्दर्शित करत. कृष्णन् (1908–1957) यांना तमिळ लोक ‘कलैवाणर’ म्हणतात. पत्नी टी. ए. मदुरम यांच्याबरोबरची त्यांची जोडी पडद्यावर आणि पडद्याबाहेर दोन्हीकडे टिकली. तुम्ही विचारता ते कीर्तन म्हणजे ‘नल्ल तंबी’ (1949) मधलं ‘किंदनार कथाकालक्षेपम्’. पटकथा सी. एन. अण्णादुरै यांची, संगीत सी. आर. सुब्बरामन् यांचं.

मिरजेच्या वाचकाला हा प्रश्न पडावा हे फार योग्य आहे, कारण याचं मूळ आपल्याकडचं आहे. तंजावरात 1676 पासून 1855 पर्यंत मराठ्यांचं राज्य होतं आणि तिथे मराठी कीर्तनकारांची ये-जा होती. रामचंद्रबुवा मोरगावकरांसारख्यांचं कीर्तन ऐकून, अभ्यासून तंजावूर कृष्ण भागवतर यांनी एकोणिसाव्या शतकात तमिळ हरिकथा-कालक्षेपम् घडवलं. त्यामुळे तमिळ हरिकथेत आजही साकी, दिंडी, ओवी, अभंग ही नावं तशीच आहेत. सुरुवातीची पंचपदी आहे, निरूपण आहे, हातात चिपळ्या आहेत. चाली मात्र कर्नाटकी रागांत मुरल्या आणि साथीला मृदंगम् आलं.

या हरिकथेतलं अतिशय लोकप्रिय आख्यान नंदनाराचं, म्हणजे चिदंबरमच्या नटराजाचं दर्शन घ्यायला आसुसलेल्या दलित भक्ताचं. कृष्णन् यांनी नंदनाराचा केला ‘किंदनार’. या मुलाला देवळात जायचं नाही, शाळेत जायचंय. तो आगगाडीत बसून शहरात जातो, शिकतो आणि शिक्षणखात्याचा अधिकारी होऊन परत येतो. विनोदाची सगळी मदार या एका बदलावर आहे. साचा तसाच ठेवायचा : भागवतराचा, म्हणजे कीर्तनकाराचा आवेश, मधलं निरूपण, पदाचा उठाव, आत माल मात्र दुसरा भरायचा.

इथे संगीतकाराचं काम नाजूक असतं. विडंबनात चाल बिघडवली की खेळ बिघडला. सुब्बरामन् यांनी कीर्तनाचं संगीत कीर्तनासारखंच ठेवलं, साथ चोख ठेवली. ऐकणाऱ्याला वाटतं की खरंच कालक्षेपम् चाललंय, आणि म्हणूनच ‘आगगाडी’ हा शब्द आला की तो हसतो. साथीदारांनीही आधीपासून थट्टेच्या सुरात वाजवलं असतं तर पहिल्या दोन मिनिटांतच हसू संपलं असतं.

सुब्बरामन् 1952 मध्ये अकाली गेले. त्यांच्या वाद्यवृंदात हार्मोनियमवर एम. एस. विश्वनाथन होते आणि व्हायोलिनवर टी. के. राममूर्ती. कृष्णन् यांनी दिग्दर्शित केलेला ‘पणम्’ (1952) हा या दोघांचा जोडी म्हणून पहिला चित्रपट. तमिळ सिनेमातली ही सर्वांत लाडकी संगीतकार जोडी एका विनोदी नटाच्या चित्रपटातून पुढे आली, आणि ही गोष्ट आमच्या मते फार कमी वेळा सांगितली जाते. त्या चित्रपटात कृष्णन् यांचं ‘ती ना, मू ना, का ना’ हे गाणं आहे. ती-मू-का म्हणजे तमिळमध्ये द्रविड मुन्नेट्र कळगम या पक्षाचं आद्याक्षरी नाव. पक्ष तेव्हा जेमतेम तीन वर्षांचा होता. गाण्यात मात्र कृष्णन् त्याचा उलगडा ‘तिरुक्कुरळ मुन्नेट्र कळगम’ असा करतात; तिरुक्कुरळ म्हणजे तमिळमधला प्राचीन नीतिग्रंथ. ऐकणाऱ्याला जे कळायचं ते कळतं, आणि हरकत घेणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

प्रश्न : चंद्रबाबूंच्या गाण्यात आवाज मधेच फुटून वर उडतो. किशोरकुमारसारखं हे यॉडलिंग ना? ते कसं करतात, आणि संगीतकार त्यासाठी चालीत काय सोय करतो? (कोल्हापूर)

उत्तर : हो, यॉडलिंगच. जे. पी. चंद्रबाबू मूळचे तूत्तुक्कुडीचे, लहानपणीची काही वर्षं कोलंबोत गेलेली. पाश्चात्त्य गाण्याचा कान त्यांना होता आणि आपली गाणी ते स्वतः गात.

माणसाच्या आवाजाला दोन मजले असतात : छातीतला भरीव आवाज आणि वरचा पातळ, बासरीसारखा आवाज. दोहोंच्या मधे एक सांधा असतो. आपल्याकडचं शास्त्रीय शिक्षण हा सांधा झाकायला शिकवतं. मींड घेऊन, स्वर जोडत वर जायचं. यॉडलमध्ये नेमका तो सांधा उघडा पाडायचा असतो. खालचा स्वर ‘ओ’ किंवा ‘आ’ वर भरीव लावायचा आणि पुढच्या क्षणी मधल्या स्वरांना न शिवता चार-पाच स्वर किंवा पूर्ण सप्तक वर ‘ई’ किंवा ‘ऊ’ वर उडी घ्यायची. शिकलेल्या गायकाचं इथे बिघडतं ते सवयीमुळे. उडीच्या जागी आपसूक मींड येते आणि यॉडलचा आलाप होतो. दुसरी चूक जोर लावण्याची. वरचा स्वर छातीच्या आवाजात ओढला की किंचाळी होते. वर जाताना आवाज मोठा करायचा नाही, सोडून द्यायचा. सुरुवातीला खालचा स्वर दोन सेकंद, वरचा दोन सेकंद असा सावकाश आलटून-पालटून सराव करावा. दहा मिनिटांत घसा थकतो. तिथे थांबावं.

संगीतकाराच्या बाजूनं तीन गोष्टी लागतात. यॉडल शब्दावर बसत नाही, म्हणून ओळ संपल्यावर त्याला मोकळी जागा ठेवावी लागते. त्या जागेत वाद्यं कमी करावी लागतात, नाहीतर वरचा पातळ आवाज बुडतो. आणि गाण्याची पट्टी अशी धरावी लागते की आवाजाचा सांधा उडीच्या मधोमध येईल. दोन्ही स्वर सांध्याच्या एकाच बाजूला पडले तर आवाज फुटणारच नाही.

संगीतकारांबद्दल पुन्हा तेच, तिसरा माणूस शोधा. ‘सहोदरी’ (1959) मधलं ‘नान ओरु मुट्टाळुंग’ आणि ‘अन्नै’ (1962) मधलं ‘बुद्धियुळ्ळ मनिदरेल्लाम’ ही दोन्ही आर. सुदर्शनम् यांची, कारण दोन्ही चित्रपट एव्हीएम या स्टुडिओचे आणि सुदर्शनम् एव्हीएमचे घरचे संगीतकार. ‘नाडोडि मन्नन्’ (1958) आणि ‘मरगदम्’ (1959) इथे एस. एम. सुब्बैया नायडू. ‘मरगदम्’मधलं जमुना राणींबरोबरचं ‘कुंगुमप्पूवे’ आजही लग्नाच्या वाद्यवृंदांत वाजतं. विश्वनाथन–राममूर्तींकडे त्यांनी ‘पुदैयल’ (1957) आणि ‘कवलै इल्लाद मनिदन्’ (1960) केले. या दुसऱ्या चित्रपटातलं ‘पिरक्कुम्पोदुम् अळुगिंड्राय’ जरूर ऐका : जन्मतानाही रडतोस, मरतानाही रडतोस, एकदा तरी हस, असं ते गाणं आहे. तिथे चंद्रबाबू आवाजाची एकही करामत करत नाहीत.

प्रश्न : इळैयराजांच्या गाण्यांबद्दल खूप वाचलं. पण गौंडमणि–सेंदिलच्या विनोदी प्रसंगांना त्यांचं पार्श्वसंगीत कसं होत असे? (नागपूर)

उत्तर : आधी हे प्रसंग तयार कसे होत ते पाहू. 1980 च्या दशकात विनोदाचा ‘ट्रॅक’ वेगळा लिहिला जाई आणि त्याचा लेखकही पुष्कळदा वेगळा असे, ए. वीरप्पन हे त्यातलं मोठं नाव. चित्रीकरण वेगळ्या तारखांना होई. मग कापून हे तुकडे मुख्य गोष्टीच्या मधे बसवले जात. संगीतकाराच्या हाती ते येत थेट री-रेकॉर्डिंगला, म्हणजे पार्श्वसंगीत मुद्रित करताना, रिळाच्या रिळानं.

35 मिलिमीटरचं हजार फुटांचं रीळ साधारण 11 मिनिटं चालतं. सेकंदाला दीड फूट, 24 चौकटी. एका रिळात नायिकेचं रडणं, त्यावर चार मिनिटांचा विनोद आणि लगेच मारामारी असं सगळं असू शकतं. इळैयराजा रीळ पाहून थेट वादकांसाठी नोटेशन लिहून देत. विनोदाच्या तुकड्यात मोठं काम असतं ते दोन्ही टोकांचं : दुःखी स्वरातून हसऱ्या स्वरात शिरायचं आणि परत बाहेर यायचं. मधला भाग बोलण्याचा, तिथे संगीत मागे राहिलेलंच बरं.

‘करगाट्टक्कारन्’ (1989) मधला केळ्याचा प्रसंग घ्या. गौंडमणि तविल (ढोलासारखं वाद्य) वाजवणारा, सेंदिल नादस्वरम् (सनईसारखं वाद्य) वाजवणारा. एका रुपयात दोन केळी आणायला पाठवलेला सेंदिल एक खाऊन एकच घेऊन येतो. ‘एक इथे आहे, दुसरं कुठंय?’ असं विचारलं की हातातलं केळं दाखवून म्हणतो, ‘ते दुसरं म्हणजेच हे.’ प्रश्न तोच, उत्तर तेच, आणि दर फेरीला गौंडमणींचा आवाज एक पायरी वर. हे बोलणं म्हणजेच एक ताल आहे. तिसऱ्या ‘हेच ते’ आधीची शांतता दोन सेकंदांची धरली तर ती तीन फूट फिल्म होते. त्या तीन फुटांत वाद्याचा एक ठोका जरी पडला तरी प्रेक्षकाला उत्तर आधीच कळतं.

‘वैदेहि कात्तिरुंदाळ्’ (1984) मध्ये सायकलच्या दुकानात पेट्रोमॅक्सचा प्रसंग आहे. त्या जाळीदार मॅन्टलमधून उजेड कसा येतो म्हणून सेंदिल त्यात बोट घालतो आणि ते चुरगळून जातं. वापरलेलं मॅन्टल म्हणजे नुसती राख असते, स्पर्श झाला की गळून पडते. ज्यांच्या घरी लग्नात पेट्रोमॅक्स आले असतील त्यांना वेगळं सांगायला नको. इथेही हसू येतं ते मॅन्टल पडल्यानंतरच्या गौंडमणींच्या चेहऱ्यावर, पडतानाच्या आवाजावर नाही.

एक सावधगिरी. दूरचित्रवाणीवर आणि मोबाइलवर फिरणाऱ्या तुकड्यांत ‘टॉईंग’, शिट्टी, ढोलाचा ठोका असे आवाज मागाहून चिकटवलेले असतात. त्यावरून संगीतकाराबद्दल मत बनवू नका. पूर्ण चित्रपटात तो प्रसंग काढा आणि तुलना करा.

प्रश्न : ‘पेट्टै रॅप’ वडिवेलूंनी गायलंय का? ए. आर. रहमान आणि वडिवेलू यांनी एकत्र किती काम केलंय? (ठाणे)

उत्तर : नाही. ‘कादलन्’ (1994, हिंदीत ‘हमसे है मुकाबला’) मधल्या या गाण्यात प्रभुदेवाबरोबर पडद्यावर वडिवेलू आहेत. आवाज सुरेश पीटर्स, तेनी कुंजरम्माळ आणि शाहुल हमीद यांचे, शब्द दिग्दर्शक शंकर यांचे. ‘पेट्टै’ म्हणजे आपली पेठ. वस्तीतली भांडणं, टंचाई, महागाई यांची ती यादी आहे, आणि कुंजरम्माळ यांचा गावरान आवाज मधे येतो तेव्हा रॅपला मातीचा वास येतो.

रहमान यांच्या चित्रपटांत वडिवेलू त्याआधी ‘किळक्कु चीमैयिले’ (1993) मध्ये होते, नंतर ‘मुत्तु’ (1995) मध्ये. पण त्यांनी गायलेलं रहमान यांचं जे गाणं लक्षात राहतं ते फार पुढचं, ‘मामन्नन्’ (2023) मधलं ‘रासाकण्णु’. शब्द युगभारतींचे. चित्रपट जातीच्या अपमानाचा आहे आणि गाणं ओप्पारीच्या, म्हणजे मर्तिकाच्या विलापगीताच्या वळणाचं. वडिवेलूंचा आवाज इथे घोटीव नाही, खरखरीत आहे, आणि रहमान यांनी तो गुळगुळीत करायचा प्रयत्न केलेला नाही. आम्हाला हा त्यांचा सर्वांत मोठा निर्णय वाटतो.

वडिवेलू त्याआधीही गात होते. इळैयराजांकडे ‘एल्लामे एन रासादान’ (1995) मध्ये ‘एट्टणा इरुंदा’, संगीतकार देवा यांच्याकडे ‘कालम् मारिप्पोच्चु’ (1996) मध्ये ‘वाडि पोट्टप्पुळ्ळ’. नायक म्हणून त्यांचा गाजलेला ‘इम्सै अरसन् 23आम पुलिकेसि’ (2006) सबेश–मुरळी यांनी केला. हे दोघं देवा यांचे भाऊ. जाता जाता : तमिळ श्रेयनामावलीत रहमान ‘इसै पुयल’, म्हणजे संगीताचं वादळ, आणि मदुरैचे वडिवेलू ‘वैगै पुयल’, वैगै नदीचं वादळ.

प्रश्न : मेहमूदचं ‘मुत्तु कोडी कव्वाडी हडा’ म्हणजे नेमकं काय? (इंदूर)

उत्तर : हिंदीत त्याला अर्थ नाही, तमिळमध्ये आहे. बालचंदर यांच्या ‘अनुभवि राजा अनुभवि’ (1967) मध्ये नागेशची दुहेरी भूमिका होती. त्यातली एक व्यक्तिरेखा तूत्तुक्कुडीची. तिथला मोत्यांचा धंदा जुना, समुद्रात बुडी मारून शिंपले काढायचे. ‘मुत्तुक्कुळिक्क वारीगळा’ म्हणजे ‘मोती काढायला बुडी मारायला येता का?’ भाषाही तिकडच्या बोलीची. संगीत एम. एस. विश्वनाथन यांचं, आवाज सौंदरराजन आणि एल. आर. ईश्वरी यांचे. याच चित्रपटातलं ‘मद्रास नल्ल मद्रास’ हे शहराची फिरकी घेणारं गाणंही नागेशचंच.

हिंदीत तो ‘दो फूल’ झाला, नागेशच्या जागी मेहमूद, संगीत राहुलदेव बर्मन यांचं. त्यांनी मुखड्याचा नाद उचलला आणि अर्थ सोडून दिला; आशा भोसले आणि मेहमूद यांनी तो गायला. हिंदी श्रोत्याला मोत्यांचं काही देणंघेणं नव्हतं. पण ‘मुत्तु’वरचा ठोका आणि शेवटच्या अक्षराचा झोक गेला असता तर गाणं पडलं असतं, हे बर्मन यांना बरोबर कळलं. ‘कादलिक्क नेरमिल्लै’चा ‘प्यार किये जा’ (1966) झाला तेव्हा संगीत लक्ष्मीकांत–प्यारेलाल यांचं होतं, ‘सर्वर सुंदरम्’चा ‘मैं सुंदर हूं’ (1971) झाला तेव्हा शंकर–जयकिशन यांचं. नागेशच्या जागी तिन्ही वेळा मेहमूद, संगीतकार तीन वेगळे.

प्रश्न : तमिळ वाचता येत नाही. श्रेयनामावलीत संगीतकार कसा ओळखायचा? (पणजी)

उत्तर : चार शब्द कानानं ओळखीचे करून घ्या आणि त्यांची अक्षरं चित्रासारखी लक्षात ठेवा. ‘इसै’ म्हणजे संगीत. ‘पाडलगळ्’ म्हणजे गीतं, त्याखाली गीतकार. ‘पिन्नणि’ म्हणजे पार्श्वगायन, त्याखाली गायक. ‘पिन्नणि इसै’ असं वेगळं आलं तर पार्श्वसंगीत दुसऱ्याचं आहे असं समजा. नावाआधी पदवी येते हेही ध्यानात ठेवा : ‘मेल्लिसै मन्नर’ विश्वनाथन, ‘तिरै इसै तिलगम’ महादेवन, ‘इसैज्ञानी’ इळैयराजा, ‘तेनिसै तेंड्रल’ देवा. रोमन अक्षरांत शोधताना चंद्रबाबूंचं नाव जोडून आणि तोडून, दोन्ही प्रकारे टाकून पाहा.

प्रश्न : संगीतकारच विनोदी नट झाल्याचं उदाहरण? (नाशिक)

उत्तर : प्रेमजी अमरन्. गंगै अमरन् यांचे चिरंजीव, दिग्दर्शक वेंकट प्रभू यांचे भाऊ, युवन शंकर राजा यांचे चुलतभाऊ. ‘चेन्नै 600028’ (2007) पासून ते विनोदी नट म्हणून घराघरांत पोचले. त्याच्याही आधी खुद्द एम. एस. विश्वनाथन यांनी ‘कादल मन्नन्’ (1998) मध्ये खाणावळीच्या मालकाची हसरी भूमिका केली. संगीत भरद्वाज यांचं होतं.

प्रश्न : आमच्या हौशी नाट्यमंडळात विनोदी नट गाणारा नाही, पण गाणं त्यानंच म्हणायचंय. चाल लावताना काय करावं? (सोलापूर)

उत्तर : त्याला संवाद बोलायला लावा आणि त्याच्या बोलण्याचा स्वर पेटीवर शोधा. तो सा धरलात तर गाणं खाली घोगरं होईल. तो खालचा पंचम समजा, सा आपोआप जागेवर येतो. सगळी चाल खालच्या पंचमापासून मधल्या धैवतापर्यंत ठेवा. वरचा सा एखाद्याच जागी, तोही ओरडायचा असेल तर.

केरवा धरत असाल तर मिनिटाला 100 ते 110 मात्रांच्या आसपास राहा. या लयीत मात्रेला दोन अक्षरं सुखानं बसतात. तीन घातली की जीभ अडखळते आणि प्रेक्षकाला शब्द कळत नाही. विनोदी गाणं पडतं ते बहुतेक वेळा याच कारणानं. तमिळ गीतकार चालीचा साचा आधी ‘तन्नान तन्नान’ असा बोलून घेतात, त्याला ते ‘संदम्’ म्हणतात. तसा तुम्हीही शब्दांआधी नटाकडून म्हणवून घ्या. जिथे तो श्वासाला थांबतो तिथेच ओळ तोडा.

हसण्याचा शब्द ओळीच्या शेवटी आणा आणि त्यानंतर केरव्याची एक आठ मात्रांची फेरी रिकामी ठेवा. 110 च्या लयीत ती साडेचार सेकंदांच्या आत संपते. हशा जास्त टिकला तर तबलजीनं तीच फेरी पुन्हा घ्यावी, आणि नटानं पेटीवाल्याकडे न बघता तबल्याची तिहाई ऐकून पुढची ओळ उचलावी. ही उचल तालमीत किमान दहा वेळा करून घ्या, एक फेरी, दोन फेऱ्या, तीन फेऱ्या असं बदलत. पेटीवाल्याला बजावून ठेवा : हसण्याच्या शब्दावर पेटी बंद, भाता धरून ठेवायचा, आणि नटाचं तोंड मिटल्यावरच पहिला स्वर.